काजवे चमकवणारा करंट रेटिना वाचवू शकतो का?

बंद डोळ्यांवर बोटांनी हलका दाब दिला की आत रंगीत ठिपके आणि चक्रं तरंगू लागतात. डोळ्यावर चेंडू बसला तर काजवेच चमकतात. बाहेर उजेडाचा पत्ता नसताना हा आतला उजेड येतो कुठून? डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, मेंदूला सांगण्यासारखी एकच गोष्ट ठाऊक असते: उजेड आला. त्याला प्रकाशाने जागं करा, दाबाने करा नाहीतर विजेने करा, वर निरोप तोच जातो.

विजेचा प्रयोग फार जुना आहे. १७५५ साली शार्ल ल रुआ या फ्रेंच वैद्याने एका अंध तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळली आणि लेडन जारमधली वीज तिच्यातून सोडली. लेडन जार म्हणजे त्या काळी वीज साठवून ठेवायची काचेची बरणी. तरुणाला डोळ्यांसमोरून ज्वाळा सरकल्यासारखी दिसली. नजर मात्र काही परत आली नाही.

त्यानंतर वीज आणि डोळा यांची गाठ घालणाऱ्या बहुतेकांना हवं होतं ते हेच: ज्याला दिसत नाही त्याला काहीतरी दिसावं. या लेखातला प्रश्न वेगळा आहे, आणि मला तो जास्त विलक्षण वाटतो. ज्या पेशी अजून मेलेल्या नाहीत, पण मरणार आहेत, त्यांना बारीकशा करंटने आणखी काही वर्षं जगवता येईल का?

आधी पडद्याकडे नीट बघू. रेटिना जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते. तेवढ्यात चेतापेशींचे तीन थर बसवलेले असतात. सगळ्यात मागे प्रकाश टिपणाऱ्या पेशी. त्यातल्या १० ते १२ कोटी दंडपेशी अंधुक उजेडासाठी, आणि साधारण ६० लाख शंकूपेशी रंग आणि बारकावे बघण्यासाठी. मधल्या थरात निरोप पुढे ढकलणाऱ्या पेशी. पुढच्या थरात गँग्लियन पेशी. त्यांच्या १० लाखांहून जास्त तंतूंची जुडी म्हणजेच मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता. प्रकाश डोळ्यात पुढून शिरतो आणि हे सगळे थर ओलांडून मागच्या पेशींपर्यंत पोचतो. रचना उलटी आहे खरी, पण चालते.

हा सगळा कारभार विजेवर चालतो, आणि तोही आपल्या अंदाजाच्या उलट. दंडपेशी अंधारात ‘चालू’ असते. काळोखात तिच्यात सतत करंट वाहत असतो आणि तिच्या आतला विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. उजेड पडला की करंट कमी होतो आणि दाब आणखी खाली जातो. म्हणजे आपण दिवा लावतो तेव्हा या पेशी विझतात, आणि त्यांच्या विझण्यालाच मेंदू ‘दिसलं’ म्हणतो. हा अंधारातला करंट चालू ठेवायला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून या पेशी शरीरातल्या सर्वांत खादाड पेशींमध्ये मोडतात. रक्तपुरवठा जरा ढळला किंवा आतल्या एखाद्या प्रथिनात खोट निघाली की त्या लगेच अडचणीत येतात. शिवाय माणसाच्या रेटिनात मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी येत नाही. जी गेली ती गेली.

अख्खा डोळा तर बारीकशा बॅटरीसारखाच आहे. एमिल दु ब्वा-रेमों या जर्मन शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये माशाच्या डोळ्यावर हे मोजून दाखवलं होतं: समोरची बाजू धन, मागची ऋण. थोडक्यात, डोळ्याला वीज परकी नाही.

आता पेशी मरतात कशा ते पाहू. रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही आरपी म्हणतात, हा आनुवंशिक आजार सुमारे ४,००० माणसांत एकाला होतो. सुरुवात रातांधळेपणाने होते, कारण दंडपेशी आधी जातात. मग नजरेच्या कडा कुरतडल्या जातात आणि माणूस नळीतून बघितल्यासारखं बघू लागतो. पुढे मधली नजरही जाऊ लागते. यातली चटका लावणारी गोष्ट अशी की आरपीच्या कितीतरी प्रकारांत बिघडलेलं जनुक फक्त दंडपेशींना लागणारं असतं. शंकूपेशींमध्ये दोष नसतो. तरी त्या मरतात. शेजार उजाडला की एकाकी घर फार दिवस टिकत नाही, तसं काहीसं होतं. दंडपेशींकडून मिळणारा पोषक घटक बंद होतो, आजूबाजूला दाह सुरू होतो, ऑक्सिजनचं गणित बिघडतं, आणि धडधाकट शंकूपेशीही मान टाकते.

सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे. पेशी फक्त स्वतःच्या दोषाने मरत असती तर तो दोष दुरुस्त करण्यावाचून इलाज नव्हता. पण मरणाला आजूबाजूची हवाही कारणीभूत असेल, तर मूळ दोष तसाच ठेवून हवा बदलता येईल. आरपीला कारण होणारी जनुकं डझनावारी आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली आनुवंशिक रेटिना-आजारांवरची पहिली जनुकोपचार पद्धत आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषावर चालते. बाकीच्यांनी किती थांबायचं? जनुक कुठलंही असो, पेशी टिकवून धरणारा उपाय हवा, ही ओढ इथूनच येते. काचबिंदूत गँग्लियन पेशी मरतात, रक्तवाहिनी तुंबली की आतले थर मरतात. कारणं वेगळी, पण शेवटचा रस्ता बराचसा सारखा.

विजेने पेशी टिकतात ही कल्पना अलीकडे पुन्हा चर्चेत आली ती जवळजवळ चुकून.

२००० साली अमेरिकेत अॅलन चाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरपीच्या सहा रुग्णांच्या रेटिनामागे एक चकती बसवायला सुरुवात केली. व्यास २ मिलिमीटर, जाडी मिलिमीटरचा चाळिसावा भाग, आणि तिच्यावर सुमारे ५,००० सूक्ष्म सौरघट. ना तार, ना बॅटरी. डोळ्यात शिरलेल्या प्रकाशावर चालायची, आणि मेलेल्या पेशींचं काम आपण करायचं अशी तिची योजना. चकती ठेवली होती नजरेच्या केंद्रापासून दूर, एका बाजूला. म्हणजे सुधारणा झालीच तर त्या बाजूच्या छोट्याशा तुकड्यात व्हायला हवी होती. २००४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात भलतंच निघालं. रुग्णांनी सांगितलेली सुधारणा चकतीपासून लांबच्या भागातही होती. जिथे चकती नाहीच तिथे ती बघण्याचं काम कसं करणार? संशोधकांनी अंदाज मांडला की चकती बघत नसावी. तिच्या क्षीण करंटने आजूबाजूच्या अर्धमेल्या पेशींना सावरलं असावं.

अंदाज आकर्षक होता, पण त्यात एक खोच होती. त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की रेटिनाला नुसती सुई टोचली तरी टोचल्या जागेभोवतीच्या प्रकाशपेशी जास्त दिवस टिकतात. जखम झाली की रेटिना स्वतःच संरक्षक प्रथिनं सोडते. मग चकती बसवायला केलेली शस्त्रक्रियाच औषध ठरली नसेल कशावरून? उंदरांमध्ये बंद पडलेल्या, करंट न देणाऱ्या चकत्या बसवून पाहिल्यावर त्यांच्याभोवतीही पेशी टिकलेल्या आढळल्या. करंट देणाऱ्या चकतीने रेटिनाचं काम थोडं जास्त टिकवलं, पण जखम आणि वीज यांचं श्रेय वेगळं करणं अवघडच राहिलं. साहजिकच पुढचा प्रश्न आला: डोळा न उघडता बाहेरूनच वीज दिली तर?

इथे जपानमधल्या ओसाका विद्यापीठातलं काम येतं. मोरिमोतो आणि सहकाऱ्यांनी उंदरांची दृष्टिचेता कापली. असं केलं की गँग्लियन पेशी पुढच्या काही दिवसांत भराभर मरतात. मग बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे कॉर्नियावर, इलेक्ट्रोड ठेवून बारीक करंट दिला. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं की करंट मिळालेल्या डोळ्यांत जास्त पेशी वाचल्या, आणि किती वाचल्या हे विजेच्या मात्रेवर अवलंबून होतं. रेटिनामध्ये आयजीएफ-१ नावाचं वाढपोषक प्रथिन वाढलं होतं. त्याची कळ बंद करणारं रसायन दिल्यावर विजेचा फायदा ओसरला. मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. मधला दुवा तोडून परिणाम नाहीसा होतो का हे बघावं लागतं, आणि त्यांनी ते बघितलं. दोन वर्षांनी त्याच गटाने जन्मजात रेटिना खराब होणाऱ्या उंदरांमध्ये प्रकाशपेशीही जास्त काळ टिकल्याचं दाखवलं.

हे आयजीएफ-१ प्रथम कुठे दिसलं? म्यूलर पेशींमध्ये. या विषयातलं खरं पात्र हेच.

म्यूलर पेशी चेतापेशी नाहीत. त्यांना काही दिसत नाही, त्या निरोपही पाठवत नाहीत. रेटिनाच्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत त्या खांबासारख्या उभ्या असतात आणि सगळ्या थरांना आधार देतात. शिवाय घरकाम सगळं त्यांच्याकडे: क्षारांचा तोल राखायचा, चेतापेशींना इंधन पुरवायचं, सांडलेलं ग्लुटामेट उचलायचं. ग्लुटामेट हे चेतापेशींचं निरोपाचं रसायन. ते वेळेवर उचललं नाही तर साठून विषासारखं होतं आणि पेशींना उत्तेजित करकरून मारतं. रक्तपुरवठा तुटल्यावर रेटिनाचं बरंचसं नुकसान या मार्गाने होतं.

करंट दिला की म्यूलर पेशींच्या आवरणातली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरतं, तिथून केंद्रकापर्यंत वर्दी जाते आणि पोषक प्रथिनांचं उत्पादन वाढतं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या म्यूलर पेशींवर हे तपासलेलं आहे. ती दारं अडवणारं निफेडिपिन, जे रक्तदाबावरचं औषध म्हणूनही दिलं जातं, टाकलं की उत्पादन वाढत नाही. रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांच्या रेटिनात करंटनंतर ग्लुटामेटची विल्हेवाट लावणारं एन्झाइम वाढलेलं आढळलं. दाह पेटवणारी रसायनं कमी होतात आणि रेटिनामागचा रक्तप्रवाह थोडा सुधारतो, अशीही निरीक्षणं आहेत. यातलं कुठलं किती कामाचं, याचा हिशेब लागलेला नाही. बहुधा एकच किल्ली नसून पुष्कळ छोट्या गोष्टी मिळून परिणाम होत असावा.

कुणी विचारेल, एवढा आटापिटा कशाला? पोषक प्रथिनं सरळ टोचून द्यावीत. अडचण अशी की ही प्रथिनं डोळ्यात फार टिकत नाहीत, आणि रक्तातून दिली तर रेटिनाभोवतीची संरक्षक भिंत त्यांना आत येऊ देत नाही. म्हणून एका गटाने प्रथिन बनवणाऱ्या जिवंत पेशींची कुपीच डोळ्यात बसवली. सीएनटीएफ हे ते प्रथिन. आरपीच्या चाचण्यांत त्याने निराशा केली, पण नजरेच्या केंद्राजवळ होणाऱ्या मॅकटेल या दुर्मीळ आजारात ऱ्हास मंदावला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. म्हणजे पोषक प्रथिनांनी माणसाची रेटिना टिकवता येते ही कल्पना हवेतली नाही. विजेच्या बाजूने युक्तिवाद एवढाच की कुपी बाहेरून आणण्यापेक्षा घरचाच कारखाना चालू करावा.

प्रत्यक्षात उपचार कसा असतो? जर्मनीतल्या ओकुव्हिजन कंपनीचं ओकुस्टिम हे यंत्र युरोपात वापरलं गेलं आहे. चष्म्यासारखी एक चौकट, तिच्यातून खालच्या पापणीच्या कडेला, बुबुळाच्या खाली टेकणारा केसासारखा बारीक वाहक धागा, आणि कानशिलावर दुसरा इलेक्ट्रोड. आठवड्यातून एकदा ३० मिनिटं बसायचं. करंट १ मिलिअँपिअरच्या आतला, सेकंदाला २० स्पंदनं. प्रत्येक स्पंदनात करंट आधी एका दिशेने आणि मग तितकाच उलट्या दिशेने जातो. एकाच दिशेने दिला तर इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया होऊन कॉर्निया पोळू शकतो.

मात्रा ठरवायला काजवे कामी येतात. करंट हळूहळू वाढवत नेला की एका क्षणी रुग्ण सांगतो, ‘आता लुकलुकतंय.’ हा त्याचा उंबरठा. उपचाराचा करंट या उंबरठ्याच्या पटीत मोजतात.

पुरावा किती भक्कम आहे? २०११ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने आरपीच्या २४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. तीन गट होते. एकाला उंबरठ्याच्या दीडपट करंट, दुसऱ्याला उंबरठ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे काजवे दिसणार नाहीत इतका, आणि तिसऱ्याला लुटुपुटीचा उपचार: सगळं साहित्य लावायचं, पण करंट सोडायचा नाही. सहा आठवड्यांनी दीडपट गटाचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा भाग, आणि रेटिना उजेडाला देते तो विद्युत प्रतिसाद यांत लक्षणीय सुधारणा दिसली. मग ५२ रुग्णांची वर्षभराची चाचणी झाली, तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. तिने जरा जमिनीवर आणलं. शंकूपेशींशी संबंधित काही विद्युत प्रतिसाद जास्त करंटच्या गटात सुधारले, पण दृष्टिक्षेत्रात गटांमध्ये ठाम फरक सिद्ध झाला नाही. १००हून जास्त रुग्णांची सहा महिन्यांची एक पाहणी सुरक्षिततेसाठी झाली. तिच्यात मुख्य तक्रार डोळे कोरडे पडण्याची होती, आणि ती थेंबांनी आटोक्यात येण्यासारखी. तुलनेचा गट नसल्याने फायद्याबद्दल तिच्याकडून काही शिकता येत नाही.

या चाचण्यांमधली एक अडचण मला गमतीदार आणि त्रासदायक, दोन्ही वाटते. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी ओळखू येत नाही. इथे खरा करंट मिळणाऱ्याला अर्धा तास काजवे दिसत राहतात आणि लुटुपुटीच्या गटातला माणूस अंधारात बसतो. आपल्याला काय मिळतंय हे दोघांनाही कळायला फार वेळ लागत नाही. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत दिवा दिसला की बटण दाबायचं असतं. आशा वाटणारा माणूस जरा जास्त लक्ष देऊन, जरा जास्त वेळा दाबतो. तपासणीचा सराव झाला की गुण आपोआपही वाढतात. म्हणून रेटिनाचा विद्युत प्रतिसाद महत्त्वाचा, कारण त्यात रुग्णाच्या इच्छेला वाव नसतो. मात्र आरपी बळावली की तो प्रतिसाद इतका क्षीण होतो की मोजणंच कठीण होऊन बसतं.

काचबिंदू, दृष्टिचेतेला झालेली इजा, रक्तवाहिनी तुंबणं यांवरही प्रयोग झाले आहेत, पण माणसांवरचे बहुतेक छोटे, काही तर दोन-चार रुग्णांचे. त्यावरून इतक्यात काही ठरवू नये.

गल्लत होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगून टाकतो. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आर्गस-२ सारख्या ‘कृत्रिम रेटिना’चा हेतू वेगळा होता. त्यातले ६० इलेक्ट्रोड जवळपास पूर्ण अंध झालेल्या माणसाला प्रकाशाचे ठिपके दाखवायचे. पेशी जपण्यासाठी ते यंत्र नव्हतं. आणि डोळ्यांवर लाल प्रकाश टाकण्याचा जो उपचार अलीकडे ऐकू येतो त्यात वीज डोळ्याला लागतच नाही. दुसरी गोष्ट जरा दटावूनच सांगतो. स्नायूंच्या दुखण्यासाठी घरोघरी वापरतात ती करंटची यंत्रं डोळ्यांजवळ लावू नयेत. त्यांचा करंट कितीतरी पट जास्त असू शकतो. शिवाय ‘मायक्रोकरंटने गेलेली नजर परत’ अशी जाहिरात दिसली तर एवढं आठवावं की मेलेल्या प्रकाशपेशीला जिवंत करणारा करंट कुणाकडे नाही. सगळी चर्चा ऱ्हासाचा वेग कमी होतो का, याचीच आहे.

आणि तो वेग मोजणंच सगळ्यात जिकिरीचं. ज्याच्या पुष्कळ पेशी शिल्लक आहेत, त्याला फायदा होण्याची शक्यता जास्त. पण त्याचा आजार इतका सावकाश सरकतो की उपचाराने फरक पडला का हे कळायला कित्येक वर्षं त्याच्यामागे राहावं लागेल. ज्याचा आजार पुढे गेला आहे त्याच्यात जपण्यासारखं थोडंच उरलेलं असतं, आणि त्याचा उंबरठाही वर चढलेला असतो, म्हणजे काजवे दिसायलाच जास्त करंट लागतो. त्यात उंदराचा डोळा साधारण ६ मिलिमीटरचा आणि आपला २४चा. तिथे कॉर्नियावरून दिलेला करंट रेटिनापर्यंत जसा पोचतो तसा आपल्याकडे पोचत नाही, त्यामुळे उंदरांची मात्रा उचलून माणसाला लावता येत नाही.

खरी मेख मात्र उंबरठ्यातच आहे. प्रकाशपेशी झिजलेल्या डोळ्यात काजवे दाखवतात त्या आतल्या थरातल्या चेतापेशी. प्रथिनं बनवतात त्या म्यूलर पेशी. मात्रा आपण पहिल्यांना विचारून ठरवतो आणि काम दुसऱ्यांकडून हवं असतं. रुग्ण ‘लुकलुकतंय’ म्हणाला की करंट रेटिनापर्यंत पोचला एवढं कळतं. त्या अर्ध्या तासात म्यूलर पेशींनी काही हालचाल केली का, हे दवाखान्यात मोजायची सोय आजतरी नाही.